गोष्टीतला ‘तू’ म्हणजे कोण? लहान मुलांना द्वितीयपुरुषी निवेदन समजावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी आमच्या वाचनालयात चार ते नऊ वर्षांच्या मुलांना मी गोष्टी सांगते. तास संपला की चपलांच्या ढिगाऱ्यात जोडी शोधता शोधता पालक प्रश्न विचारतात, उरलेले रात्री व्हॉट्सअॅपवर येतात. ऐकणाऱ्या मुलालाच नायक करून, म्हणजे ‘तू’ म्हणत गोष्टी सांगायला लागले तेव्हापासून हे प्रश्न फारच वाढले. तेच तेच परत टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळे एका ठिकाणी घेतलेत.

१. द्वितीयपुरुषी निवेदन म्हणजे नेमकं काय? आम्हालाच आधी सोपं करून सांगा.

गोष्टीत ज्याच्या बाबतीत सगळं घडतं, त्याला सांगणारा काय म्हणतो ते बघायचं. एकच प्रसंग तीन तऱ्हांनी:

मी पाऊल टाकलं आणि डबक्यात माझी चप्पल रुतली.

तू पाऊल टाकलंस आणि डबक्यात तुझी चप्पल रुतली.

मुक्ताने पाऊल टाकलं आणि डबक्यात तिची चप्पल रुतली.

चिखल तोच, चप्पल तीच. पाय कोणाचा, एवढंच बदललं. पहिलं प्रथमपुरुषी, तिसरं तृतीयपुरुषी. मधल्या वाक्यात चिखलात गेलेला पाय ऐकणाऱ्याचा आहे. ते द्वितीयपुरुषी निवेदन. ‘एक होता राजा’ ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना तिसरी तऱ्हा सवयीची, म्हणून मधली जरा चमत्कारिक वाटते.

२. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. हे त्याला झेपेल का?

तो हे रोज करतो. भातुकली मांडून बसलेल्या मुलांच्या जवळ पाच मिनिटं कान देऊन बसा. ‘मी आई, तू बाळ. आता तू झोपायचंस. मग तू रडायचंस. मग मी यायचं आणि म्हणायचं, काय झालं माझ्या सोन्याला?’ इथे एक मूल दुसऱ्याला त्याचीच गोष्ट सांगतंय आणि दुसरं ती ऐकता ऐकता जगतंय. याहून शुद्ध द्वितीयपुरुषी निवेदन मला तरी माहीत नाही.

त्याच्याही आधी तुम्ही स्वतः ते केलेलं असतं. तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन, ‘आज सकाळी तू लवकर उठलीस, मग खिडकीत बसून काऊ बघितलास, मग सगळा भात सांडलास’ असं दिवसभराचं पुराण कोणत्या आईने, आजीने सांगितलेलं नसतं? म्हणून मुलाला नवीन काही शिकवायला निघू नका. जे तो करतो त्याला फक्त बोट लावून दाखवायचंय. नाव, व्याख्या वगैरे सात-आठ वर्षांपर्यंत थांबू शकतं.

३. ठीक. मग पहिल्या दिवशी सुरुवात कशी करू?

आधी बोटाचा खेळ. ‘मी’ म्हटलं की बोट स्वतःच्या छातीवर, ‘तू’ म्हटलं की समोरच्याकडे, ‘तो’ किंवा ‘ती’ म्हटलं की खिडकीबाहेर. दोघांनी एकदम करायचं. गंमत लगेच कळते: माझं ‘तू’वालं बोट त्याच्याकडे आणि त्याचं माझ्याकडे. शब्द एक, माणसं दोन. यावर मुलं खूप हसतात. हसू द्या, अर्धं काम तिथेच झालं.

मग पाठ असलेली गोष्ट घ्या. नवी नको, कारण नव्या गोष्टीत मूल ‘पुढे काय’ यात अडकतं. मी नेहमी चिऊ-काऊची घेते. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं, हे दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त ती अशी सांगायची:

‘तू कावळा आहेस. तुझं घर शेणाचं आहे. रात्री धो धो पाऊस आला. तुझं घर वाहून गेलं. तुझे पंख चिंब भिजलेत. चोचीवरून पाणी ठिबकतंय. तू चिऊताईच्या दारात उभा आहेस. ठक ठक. चिऊताई, चिऊताई, दार उघड. आतून आवाज येतो, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’

एरवी या जागी मुलं कावळ्याला हसतात. ‘तू’ म्हणून सांगितली की एकदम शांत होतात. आमच्याकडे एक जण वैतागून म्हणाला, ‘किती वेळ अंघोळ घालते ही!’ तेव्हा मी विचारलं, ‘भिजलंय कोण?’ ‘मी.’ ‘पण मी तर मघापासून तू तू म्हणतेय!’ त्याने क्षणभर डोळे बारीक केले आणि म्हणाला, ‘तुझा तू म्हणजे मी.’

याच्या पुढची व्याख्या मला अजून जमलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला चिऊ करा. आता बाळ त्याचं, दार त्याचं, आणि बाहेर कोण ठकठक करतंय ते त्याला दिसत नाही.

४. ‘पुरुष’ म्हटलं की मुलं खिदळतात. मुलगी तर विचारते, ‘द्वितीय स्त्री का नाही?’

रास्त प्रश्न आहे. व्याकरणात ‘पुरुष’ म्हणजे बाप्या नव्हे. बोलणारा, ज्याच्याशी बोलतो तो आणि ज्याच्याबद्दल बोलतो तो, या तीन जागांना दिलेलं ते जुनं नाव आहे. मुलीला तसंच सांगा: शब्द फार जुना आहे आणि ठेवणाऱ्यांनी तुला विचारलं नव्हतं. लहानांशी बोलताना मी हा शब्द वापरतच नाही. मी-गोष्ट, तू-गोष्ट, तो-गोष्ट. शाळेत ‘पुरुषवाचक सर्वनाम’ येईल तेव्हा या तीन खुंट्यांवर ते आपोआप टांगलं जातं.

५. आजोबा म्हणतात, प्रथम पुरुष म्हणजे ‘तो’. शाळेतल्या बाई म्हणतात, ‘मी’. खरं कोण?

दोघंही. आजोबा संस्कृत शिकलेत. संस्कृतात ‘गच्छति’पासून, म्हणजे ‘तो जातो’पासून मोजायला सुरुवात होते. तिथे ‘तो’ प्रथम पुरुष, ‘तू’ मध्यम पुरुष आणि ‘मी’ उत्तम पुरुष. मराठी व्याकरण ‘मी’पासून मोजतं. हिंदीच्या पुस्तकात मुलाला उत्तम, मध्यम आणि अन्य अशी तिसरीच नावं भेटतील. आपल्याला घोर नाही, कारण कुठूनही मोजलं तरी ‘तू’ मधोमधच येतो.

६. वाक्यात ‘तू’ हा शब्दच नसतो कधी कधी. मग मुलाने ओळखायचं कसं?

शेपटी शोधायची. मराठी क्रियापदाला ‘तू’ची एक छोटी शेपटी असते, ‘स’ची. जातोस, जातेस, उठलास, उठलीस, खाल्लंस, आहेस, नाहीस, नकोस. ‘दचकून जागी झालीस. कडी काढलीस. बाहेर पाहिलंस.’ यात एकदाही ‘तू’ नाही, पण शेपट्या तीन. मराठीला ‘तू’ पुन्हा पुन्हा म्हणायची गरजच पडत नाही, आणि तू-गोष्ट लिहिणाऱ्या मोठ्या माणसांनीही हे लक्षात ठेवावं. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी ‘तू’ आला की गोष्ट ऐकवत नाही, कोणीतरी रागावतंय असं वाटतं.

खेळ म्हणून जुन्या वर्तमानपत्रात पेन्सिलीने शेपट्या रंगवायला द्या. पहिल्याच दिवशी मूल ‘पाऊस’, ‘कापूस’, ‘माणूस’ यांनाही शेपटी आहे म्हणून धावत येईल. ती जन्मजात शेपटी, चिकटवलेली नाही. काढून बघायला सांगा. ‘उठलीस’मधली काढली तर ‘उठली’ उरतं आणि त्याला अर्थ आहे. ‘पाऊ’ म्हणजे काहीच नाही.

दोन ठिकाणी शेपटी वेगळी दिसते. भविष्यकाळात ती ‘शील’ होते: जाशील, बघशील. आज्ञेत ती गळून पडते: जा, बघ, ऊठ. आज्ञेचा वेगळाच घोळ आहे, तो दहाव्या प्रश्नात.

७. आमच्या घरी ‘तू काय केलं?’, ‘तू कधी आला?’ असंच बोलतात. मग शेपटी कुठून आणू?

आणू नका. विदर्भात आणि इतरही बऱ्याच ठिकाणी बोलताना ही शेपटी नसतेच, आणि हल्ली शहरातल्या मुलांच्या तोंडूनही ती गळत चालली आहे. मुलाचं बोलणं थांबवून दुरुस्त करू नका. पुस्तकातल्या भाषेत शेपटी असते, एवढं सांगा आणि घरच्या गोष्टीत उघड ‘तू’ वापरा.

८. गोष्टीत ‘तू’ आला म्हणजे ती द्वितीयपुरुषी, एवढंच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. ‘आणि तुला माहितीये, मग राजा काय म्हणाला?’ यात ‘तुला’ आहे, पण गोष्ट राजाची. ‘तू’ नुसता सतरंजीवर बसून ऐकतोय. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. कीर्तनकारही मधूनच समोरच्यांना टोकतात. ते संबोधन. समोरच्याला हाक मारली, पण गोष्टीत ओढलं नाही.

मुलांसाठी मी एकच कसोटी ठेवली आहे: ‘तू’ काढून टाक, गोष्ट उरते का? ‘तुला माहितीये’ खोडलं तरी राजा जागेवर. चिऊ-काऊच्या त्या गोष्टीतून ‘तू’ खोडला तर दारात भिजायला कोणी उरत नाही.

पत्राचं प्रकरण मधलं आहे. ‘तू गेल्यापासून मी रोज फाटकात उभी राहते’ यात ‘तू’ला काढता येत नाही, तरी फाटकात उभी कोण? मी. म्हणजे ही मी-गोष्ट, ‘तू’ला उद्देशून. सहा वर्षांच्या मुलाशी या खोलात जाऊ नये. नऊ वर्षांचं मूल स्वतःच हा प्रश्न घेऊन येतं.

९. मनाचे श्लोक द्वितीयपुरुषी आहेत का? मुलगी रोज म्हणते, तिनेच विचारलं.

छान विचारलंय. समर्थ रामदासांचे २०५ श्लोक आहेत आणि त्यांतले कितीतरी ‘मना’ अशी हाक मारून बोलतात. म्हणजे ‘तू’ आहे. पण तो ‘तू’ कोण? बोलणाऱ्याचं स्वतःचं मन. मोठ्याने म्हणताना ते म्हणणाऱ्याचं मन होतं आणि शेजारी बसून ऐकणाऱ्यालाही आपल्यालाच सांगतायत असं वाटतं. द्वितीयपुरुषाची सगळी जादू त्यात आहे. निवेदन मात्र नाही, कारण घडत काही नाही. तो उपदेश आहे. काय कर, काय टाक, असं सांगणारा.

घरातलं उदाहरण द्यायचं तर, परीक्षेच्या सकाळी दादा आरशासमोर पुटपुटतो, ‘ऊठ रे, तुला येतंय सगळं.’ तिथेही ‘तू’ म्हणजे तो स्वतःच.

१०. मग रेसिपी? ‘कांदा चिर, तेल तापव’ यात तर सगळं ‘तू’च करतो.

करत नाही, त्याला करायला सांगितलंय. कांदा अजून अख्खाच आहे. निवेदनात तो चिरून झालेला असतो किंवा आपल्या डोळ्यांदेखत चिरला जात असतो: ‘तू कांदा चिरलास. डोळ्यांतून पाणी आलं.’

जुन्या पाककृतींच्या पुस्तकात ‘मीठ चवीपुरते घालावे’ असं असतं. तिथे तर ‘तू’ही नाही. कोणी घालावे? ज्याला भूक असेल त्याने.

११. वर्गात मुलगे आणि मुली दोन्ही आहेत. ‘जातोस’ म्हणू की ‘जातेस’?

मराठीत तू-गोष्ट लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. इंग्रजीतला ‘यू’ मुलगा की मुलगी हे सांगत नाही. आपलं क्रियापद पहिल्या वाक्यात चुगली करतं. ‘तू उठलास’ म्हटलं की वर्गातल्या सगळ्या मुली गोष्टीबाहेर. काही जण ‘उठलास/उठलीस’ असं छापतात. ती गोष्ट राहत नाही, सरकारी फॉर्म होतो.

पण वाट आहे, आणि ती मराठीनेच दिली आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात आलं की ते करणाऱ्याकडे बघत नाही, जे केलं त्याच्याकडे बघतं. लाडू खाल्लास, पोळी खाल्लीस, केळं खाल्लंस. खाणारा मुलगा असो की मुलगी, लिंग लाडवाचं. दुसरी वाट ‘तुला’ आणि ‘तुझा’ची: तुला वास आला, तुझे पाय थरथरले. या दोन वाटांनी आख्खी गुहा पार करता येते:

‘तू कंदील उचललास. गुहेचं दार ढकललंस. आत गारठा होता. तुझा हात भिंतीला लागला, भिंत ओली होती. तुला वर काहीतरी फडफडल्यासारखं वाटलं. तू कंदील उंच धरलास. छताला वटवाघळं उलटी लटकली होती, आणि त्यातल्या एकाने डोळे उघडले.’

मुलगा का मुलगी? कळत नाही. एक इशारा: मुलीला वाचून दाखवताना ‘उचललास’ कानाला खटकेल आणि तुम्ही नकळत ‘उचललीस’ म्हणाल. म्हणू नका, कंदील पुल्लिंगी आहे.

अडचण येते ती उठणे, बसणे, पळणे, घाबरणे अशा क्रियापदांशी. शिवाय पिणे, विसरणे, शिकणे, बोलणे ही दिसायला सकर्मक, पण वागतात करणाऱ्याप्रमाणे: सरबत प्यायलास, सरबत प्यायलीस. ‘म्हणालास’चंही तसंच, पण ‘म्हटलंस’ सुटतं. विशेषणंही घात करतात. एकटा की एकटी? तिथे वाक्यच फिरवावं लागतं. ‘तू सरबत प्यायलीस’ऐवजी ‘सरबत एका घोटात संपवलंस’. ‘तू एकटा होतास’ऐवजी ‘तुझ्यासोबत कोणीच नव्हतं’. ‘तू घाबरलीस’ऐवजी ‘तुझ्या पोटात गोळा आला’. आणि खरं सांगायचं तर दर वेळी फिरवलेलं वाक्य मूळच्यापेक्षा बरं निघतं.

भविष्यकाळही लिंग झाकतो (तू जाशील, तू बघशील), पण सगळी गोष्ट तशी सांगितली तर भल्या पहाटे दारात पिंगळा येऊन भविष्य सांगतोय असं वाटतं. एखाद्या स्वप्नापुरता ठीक.

आणि ही सगळी कसरत भूमिका ठरलेली नसेल तेव्हाच. ‘तू कावळा आहेस’ म्हटलं की ‘उभा आहेस’ मुलींनाही चालतं. माझ्या गटातली एकही मुलगी अजून कावळी झालेली नाही, सगळ्या थेट कावळाच होतात.

१२. त्यापेक्षा ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ वापरलं तर?

‘तुम्ही गेलात’, ‘तुम्ही बघता’ यात मुलगा-मुलगी कळत नाही, हे खरं. पण ‘तुम्ही’ म्हटल्याबरोबर मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. नायकाची टोळी होते. सहलीची, किल्ल्यावर चढायची गोष्ट असेल तर टोळीच हवी. पण अंधाऱ्या जिन्यावर एकट्याने जायचं असेल तर ‘तुम्ही’ने सगळी भीती वाटून घेतली जाते आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही.

‘आपण’ जपून. ‘आपण जंगलात आलो’ हे खरं तर प्रथमपुरुषी. मराठीत ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’त असतो, म्हणून ते ‘तू’च्या जवळ वाटतं. भित्र्या मुलांसाठी मला ते फार आवडतं, कारण सांगणारी मावशीही सोबत जंगलात असते. पण ‘महाराज, आपण आलात’ म्हटलं की तोच शब्द आदराचा द्वितीय पुरुष. शब्द सोडा, क्रियापद बघा: ‘आलो’ की ‘आलात’.

आदराचा प्रश्न मुलं स्वतःहून सोडवतात. आजोबांच्या वाढदिवसाला त्यांनाच नायक करून गोष्ट लिहिणारा नातू ‘तुम्ही चष्मा शोधताय, आणि तो तुमच्या कपाळावर आहे’ असंच लिहितो. त्याच घरात आजीला मात्र ‘तू’. आईला तू, विठ्ठलाला तू आणि बसकंडक्टरला तुम्ही, ही आपली तऱ्हा कोणी शिकवावी लागत नाही.

१३. गोष्ट रंगात आली की माझा मुलगा ओरडतो, ‘मी असं केलंच नाही!’ काय करू?

पेढे वाटा. त्याला पूर्ण कळलंय. ‘राजाने तलवार उपसली’ यावर कोणी हरकत घेत नाही, कारण राजा दूर आहे. ‘तू दगड मारलास’ म्हटलं की मूल स्वतःची बाजू मांडायला उठतं. या तऱ्हेची ताकद आणि खोड दोन्ही हीच.

हरकत आली की निर्णय त्याच्याकडे द्या. ‘बरं, नाही मारलास. मग काय केलंस?’ एडवर्ड पॅकार्ड नावाचे अमेरिकन वकील रात्री मुलींना गोष्ट सांगत असत. एकदा पुढे काय घडवावं ते सुचेना, म्हणून त्यांनी मुलींनाच विचारलं. त्यातूनच वाचकाला ‘तू’ म्हणणारी, फाट्या-फाट्यावर ‘हे करायचं तर या पानावर जा’ म्हणणारी पुस्तकं निघाली. ‘चूज युअर ओन अॅडव्हेंचर’ ही मालिका १९७९ साली सुरू झाली आणि त्यातलं पहिलं पुस्तक पॅकार्ड यांचंच. घरी छापील पुस्तकाची गरज नाही. वहीच्या मागच्या पानावर दोन बाण पुरतात.

फक्त एक पथ्य. मुलाची तुम्हाला न आवडणारी सवय ‘तू-गोष्टी’त घुसडू नका. ‘तू दात घासले नाहीस आणि मग किडे आले’ ही गोष्ट नाही, तक्रार आहे, आणि ते त्याला तुमच्या आधी कळतं.

१४. रात्री तू-गोष्ट सांगितली तर मुलगी घाबरते. बंद करू?

बंद नको, जपून सांगा. ही चूक मी केलेली आहे. एकदा सगळ्यांना ‘तू जत्रेत हरवलास’ असं सांगत सुटले. पाळणे, पिपाण्या, गर्दी, सगळं रंगवलं, आणि आईचा हात सुटला तिथे थोडं जास्तच थांबले. एक चार वर्षांचा मुलगा हुंदके द्यायला लागला. त्याची आई दाराबाहेर उभी होती, तिला आत बोलावावं लागलं. तो खरंच हरवला होता, आणि त्याला मीच हरवलं होतं.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळते. संकट येण्याआधी खिशात काहीतरी देऊन ठेवते: शिट्टी, बॅटरी, बोलणारं कुत्रं. हरवणं, आई-बाबा नसणं, आजारपण या गोष्टी ‘तू’ला देत नाही, त्या ‘तो’ला देते. आणि मुलाचा चेहरा बदलला की त्याच वाक्यात पुरुष बदलते: ‘... आणि मग तो ससा काय म्हणाला माहितीये?’ मूल एका उडीत सशापासून सुरक्षित अंतरावर जातं. हे तंत्र तोंडी गोष्टीतच चालतं, लेखी गोष्टीचं अठराव्या प्रश्नात पाहा.

१५. माझी अडीच वर्षांची लेक भूक लागली की ‘तुला भूक लागली’ म्हणते. तिला तू-गोष्ट सांगून आणखी गोंधळ होईल का?

या वयात ही उलटापालट पुष्कळ मुलं करतात. तिच्या बाजूने बघा: सगळे तिला ‘तू’ म्हणतात, मग तिचं नाव ‘तू’च नाही का? चुकलीस म्हणू नका, ‘हो का, मला भूक लागली म्हणतेस?’ असं सहज उलटवून म्हणा. तिसऱ्या वर्षानंतरही बराच काळ तसंच राहिलं किंवा बोलण्या-ऐकण्याची इतर काही काळजी वाटली तर मुलांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. गोष्टींनी गोंधळ होत नाही, पण बोटाचा खेळ (प्रश्न ३) थोडा पुढे ढकला.

१६. आम्ही अमेरिकेत आहोत. मुलगा इंग्रजीत तू-गोष्ट झकास लिहितो, मराठीत अडखळतो. का?

कारण ‘यू’ एकटा तू, तुम्ही आणि आपण या तिघांचं काम करतो, आणि मुलगा-मुलगीही बघत नाही. मराठीत त्याला एका शब्दासाठी तीन निर्णय घ्यावे लागतात. आधी ‘तू कोण आहेस’ हे ठरवू द्या: ‘तू खार आहेस’. खार ठरली की ‘जातेस’ ठरलं.

दुसरी अडचण बारीक आहे. इंग्रजीत ‘यू’ म्हणजे ‘कोणीही’ असा एक अर्थ असतो. तो जसाच्या तसा उचलला की ‘तू सायकल शिकलास की तू विसरत नाहीस’ असं वाक्य येतं. मराठीत अशा जागी ‘आपण’ बसतो, नाहीतर कोणीच नाही: ‘एकदा सायकल आली की विसरत नाही.’ ही तू-गोष्ट नव्हेच, तिथे ‘तू’ खोडायला सांगा.

१७. ‘तुका म्हणे’ हा कोणता पुरुष?

तुकाराम महाराज बोलतायत स्वतःबद्दल, पण स्वतःला म्हणतायत ‘तुका’, म्हणजे तृतीय पुरुष. ‘तुका’मध्ये ‘तु’ दिसतो म्हणून एका बहाद्दराने तो द्वितीय ठरवला होता. मुलांना उलटं विचारून बघा: तू स्वतःच्या नावाने बोललास तर? ‘अर्णव म्हणे, भेंडी नको.’ आठवडाभर घरात हेच चालेल, तयारी ठेवा.

१८. मुलगी तू-गोष्ट लिहिते, पण चौथ्या ओळीपासून ‘ती’ येते. लाल पेन काढू?

पेन राहू दे. मोठ्याने वाचायला सांगा. मुलांचा कान व्याकरणाच्या पुढे असतो, घसरलेल्या जागी ती स्वतःच अडखळते. तिथे एवढंच विचारा, ‘आता हे कोण करतंय?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘मला ते नको होतं, म्हणून तिला दिलं.’ हे चौदाव्या प्रश्नातलंच तंत्र, तिने आपणहून शोधलेलं. मुद्दाम केलेलं असेल तर राहू द्या, नवा परिच्छेद करायला सांगा. विसरून झालं असेल तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करते.

१९. मुलाने विचारलं, ‘सगळं तूच करतोस, तर मग सांगणारा कोण?’ मला उत्तर देता आलं नाही.

मोठ्यांनाही देता येत नाही. तू-गोष्टीत सांगणारा असतोच. ‘तू कंदील उचललास’ हे कोणीतरी बघितल्याशिवाय कसं सांगेल? पण तो ‘मी’ म्हणत नाही, म्हणून दिसत नाही. कधी तो सगळं बघणारा असतो, कधी मोठा झालेला नायकच लहानपणच्या स्वतःला सांगत असतो, कधी त्याचा पत्ताच लागत नाही.

उत्तर देऊ नका, मुलांना विचारा. मी गटात विचारलं होतं: गुहेत तू एकटाच होतास, मग तू काय केलंस ते मला कसं कळलं? ‘देवबाप्पाने सांगितलं,’ एक. ‘वटवाघळाने,’ दुसरी. ‘तू मागून येत होतीस, आणि मला माहीत होतं,’ तिसरी. मागच्या रांगेतला एक जण इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, ‘सीसीटीव्ही.’